मदत हवी आहे: हवामान खात्याचा पिवळा इशारा आला की बेदाणा शेडचे पडदे सोडावेत का?

रॅकवाला:
कृपया लवकर उत्तर द्यावे. मागच्या पिवळ्या इशाऱ्याच्या वेळी मी संध्याकाळीच पडदे सोडले, रात्रभर शेडमध्ये हवा कोंडली आणि आमच्याकडे एक थेंबही पडला नाही. शेजारच्या गावात मात्र बांध फुटेपर्यंत पाऊस झाला. आज पुन्हा ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका ते मध्यम पाऊस’ असा अंदाज आहे आणि मोबाइलवर चाळीस टक्के दिसत आहेत. या चाळीस टक्क्यांचे मी काय करायचे? पडदे सोडावेत की सोडू नयेत, एवढेच सांगावे.

पूर्वभाग:
तालुका कोणता, माल किती सुकला आहे, पडदे सोडायला किती वेळ लागतो आणि शेडची उघडी बाजू कोणत्या दिशेला आहे, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. नुकत्याच डिपिंग करून (द्रावणात बुडवून) टाकलेल्या ओल्या मालाला वारा लागतोच, आणि सुकत आलेल्या मालावर सर आली तर तो काळा पडतो. दोघांना एकच सल्ला कसा देणार?

आभाळमाया:
इशारे वाचत बसण्यापेक्षा विंडी या हवामानाच्या ॲपवर युरोपीय मॉडेल लावावे. मी द्राक्षाच्या छाटणीपासून तेच पाहतो. तासातासाचा पाऊस दिसतो, मग जिल्ह्याच्या मोघम वाक्याची गरजच काय?

निवृत्त निरीक्षक:
तासातासाचा पाऊस दिसतो म्हणजे तो तसाच पडणार आहे, असे नव्हे. ते मॉडेल नकाशाचे साधारण ९ किलोमीटरचे चौकोन पाडून हिशेब करते, आणि वळवाच्या ढगाचा जोरदार पावसाचा भाग पुष्कळदा त्याहूनही लहान असतो. असा ढग दुपारच्या तापलेल्या जमिनीवर तासा-दोन तासांत उभा राहतो; तो कोणत्या गावावर फुटेल, हे आदल्या दिवशी कोणतेही मॉडेल खात्रीने सांगू शकत नाही.

रॅकवाला यांचा मागचा अनुभव अंदाजाच्या भाषेशी जुळणारा आहे. हवामानशास्त्र विभागाच्या परिभाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या क्षेत्रातील जास्तीत जास्त २५ टक्के पर्जन्यमापन केंद्रांवर पाऊस. उरलेली केंद्रे कोरडी राहणार हे त्यातच आले. ‘काही ठिकाणी’ असे असेल तर २६ ते ५० टक्के. ‘हलका ते मध्यम’ म्हणजे २४ तासांत २.५ ते ६४.४ मिलिमीटर, आणि बेदाण्याच्या दृष्टीने या दोन टोकांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मोबाइलवरील चाळीस टक्के ही त्या वेळेत त्या जागी पाऊस पडण्याची शक्यता असते. त्यावरून पावसाचा जोर कळत नाही. पिवळा रंग ‘लक्ष ठेवा’ एवढेच सांगतो. ‘तयार राहा’ यासाठी नारिंगी रंग असतो.

आभाळमाया:
म्हणजे अंदाज कसाही निघाला तरी बरोबरच ठरणार! शेतकऱ्याला याचा उपयोग काय?

देवगडकर:
हल्ली प्रत्येक सरीला ढगफुटी म्हणण्याची पद्धत पडली आहे. लहान भागात तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तरच ती ढगफुटी समजावी. आमच्या हापूसला तर साधी सरही पुरेशी होते.

पूर्वभाग:
देवगडकर, ढगफुटीबद्दल येथे कोणीही विचारलेले नाही.

रॅकवाला:
तासगाव तालुका. माल निम्म्याहून अधिक सुकला आहे. छत पक्के आहे, पण वाऱ्याबरोबर सर आडवी येते आणि पश्चिमेकडच्या बाहेरच्या जाळ्या भिजतात. दोघांनी मिळून पडदे सोडायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि माणसे गावातून बोलवावी लागतात.

निवृत्त निरीक्षक:
ही माहिती आधी दिली असती तर बरे झाले असते. आपला प्रश्न अर्ध्या-पाऊण तासाचा आहे, त्यामुळे जिल्ह्याच्या दिवसभराच्या इशाऱ्यावर पडदे सोडू नयेत. त्यावर फक्त माणसांना थांबवून ठेवावे. दिवसाचा अंदाज दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंत लागू असतो, हेही लक्षात असू द्यावे. पडद्यांचा निर्णय तीन तासांच्या तात्काळ अंदाजावर आणि रडारच्या चित्रावर घ्यावा. पणजीच्या रडारपासून तासगाव दूर असल्याने रडारची किरणे आपल्याकडे पोहोचेपर्यंत तीन-चार किलोमीटर उंचीवर गेलेली असतात. बुटके ढग त्यातून निसटतात, पण गडगडाटी ढग दहा किलोमीटरच्याही वर जात असल्याने सहसा दिसतात. लागोपाठची चित्रे पाहून ढग कोणीकडे सरकतो ते ठरवावे.

उकाड्यात एकाएकी गार, धुळीचा वारा सुटला तर तो जवळच्या ढगातून खाली आलेल्या हवेचा असतो, आणि पाऊस पुष्कळदा त्याच्या पाठोपाठच येतो. तोवर थांबलात तर आपल्याला पाऊण तास मिळणार नाही.

पूर्वभाग:
शिवाय चारही बाजूंचे पडदे एकदम सोडण्याची गरज नाही. पश्चिमेची बाजू आधी बंद करावी आणि समोरची उघडी ठेवावी, म्हणजे हवा कोंडणार नाही. मात्र ढग पूर्वेकडून येत असेल तर हा क्रम उलटा करावा लागेल.

रॅकवाला:
तात्काळ अंदाजात आत्ताच आमच्या जिल्ह्याचे नाव आले आहे आणि रडारवर पूर्वेला जतच्या बाजूला लाल ठिपका दिसतो. तो इकडे सरकत असल्याने पूर्वेचे पडदे आधी सोडतो. माणसे निघाली आहेत.

आभाळमाया:
विंडीवर मात्र तासगाव रात्री दहापर्यंत कोरडेच दिसत आहे.