ट्राउट-स्टीलहेडसाठी गळाला भलतंसलतं काय लावलंत?

दुकानातल्या फिरक्या आणि बाटलीतली गुलाबी गाभोळी सगळ्यांनीच वापरली आहे. इथे त्यापलीकडचं सांगा. स्टीलहेड म्हणजे समुद्रात किंवा उत्तर अमेरिकेतल्या ग्रेट लेक्स सरोवरांमध्ये जाऊन पोसलेला रेनबो ट्राउटच. नदीत परतल्यावर तो फारसा खात नाही, तरी मधूनच कशावर तरी तोंड टाकतो. कशावर, ते सांगा. पाणी कसं होतं तेही लिहा. नुसतं ‘जबरदस्त चाललं’ नको.

खडकवासी: अलास्का, केनाय नदी. सलमन अंडी घालू लागले की ट्राउट त्यांच्या खालच्या अंगाला वाहून येणारी अंडी टिपत राहतात, म्हणून सगळे प्लास्टिकचे मणी लावतात. मी त्यांना बायकोचं नेलपॉलिश लावतो. मोतिया रंगाचा पातळ हात, तो वाळला की एका बाजूला नारिंगी ठिपका. कारण असं, की ताजं अंडं झळझळीत असतं, पण पाण्यात पडून राहिलेलं मेलं अंडं दुधी होतं, आणि हंगाम सरत आला की नदीत तसलीच जास्त. शेजारी उभा असलेला चकचकीत नारिंगी मणी लावून वैतागला होता, त्याला माझ्यातला एक दिला. लगेच बोया बुडाला. मणी गळाच्या थोडा वर ठेवून टूथपिकचं टोक खुपसून पक्का करतो. त्यामुळे गळ घशात न जाता जबड्याला लागतो. मात्र अंतर दोन इंचांच्या आतच. तिथला नियमच आहे तसा.

उरलीसुरली लोकर: ओहायोची रॉकी रिव्हर. सासूबाईंच्या विणकामातली फ्लुरोसंट अ‍ॅक्रिलिक लोकर पळवली. बोटभर तुकडा गाठीत धरायचा, कंगव्याने पिंजायचा आणि कात्रीने गोल छाटायचा. ओला झाला की अंड्यासारखा फुगीर दिसतो. खरी गंमत पुढे आहे. तंतू माशाच्या बारीक दातांत अडकतात, त्यामुळे त्याला ते पटकन थुंकता येत नाही आणि आपल्याला झटका द्यायला क्षणभर जास्त मिळतो. खरी मेंढीची लोकर भिजून लडबडते, ती नको. सासूबाई अजून मफलरची वाट बघताहेत.

फुगडी: तलावात सोडलेल्या ट्राउटसाठी छोटा मार्शमेलो आणि अर्धं गांडूळ. मार्शमेलो तरंगतो, त्यामुळे गांडूळ तळाच्या शेवाळात न गाडलं जाता वर उचललेलं राहतं. चवीमुळे मासा येतो असं मला वाटत नाही. वाहत्या नदीत उपयोग शून्य.

तळ गाठा: तुम्ही सगळे रंग आणि वास बदलत बसता, खोली कोण बदलणार? हिवाळ्यात पाणी गारठलं की स्टीलहेड तळाशी संथ धारेत पडून असतो आणि आमिषामागे फार धावत नाही. मी गुलाबी रबरी गांडूळ लावतो, तेही बाजारातलंच. प्रयोग करतो तो बोया सरकवण्याचा. दोरीचं शिशाचं वजन अधूनमधून तळाला टेकतंय असं जाणवेपर्यंत बोया वर घेत जातो. तिथे लोकर लावा नाहीतर मणी, मासा लागायचा तर लागेल.

खडकवासी: @तळ गाठा, खोलीचं मान्य. पण त्याच धारेत, त्याच खोलीवर दुधी मणी लागला आणि नारिंगी नाही, त्याचं काय?

तळ गाठा: स्वच्छ पाण्यात रंगाला महत्त्व आहे, नाही म्हणत नाही. गढूळ पाण्यात तोच दुधी मणी टाकून बघा आणि मग बोलू.

चमचेगिरी: जुना स्टीलचा चमचा दांड्यापासून कापला, दोन्ही टोकांना भोकं पाडली, कडा कानशीने घासल्या. धारेत छान डोलतो. कल्पना माझी नाही, अमेरिकेत ज्युलिओ ब्यूएलने चमच्याच्या आमिषाचं पेटंट १८५२ मध्येच घेतलंय. जेवताना चमचा पाण्यात पडला आणि माशाने झडप घातली, अशी दंतकथा सांगतात.

काठावरचा: आमिषावर बिजागरीचं तेल फवारा असं कुणीतरी सुचवेलच, म्हणून आधीच लिहितो. पेट्रोलियमचं तेल नदीत घालू नका. शिवाय वॉशिंग्टन राज्यात ‘सिलेक्टिव्ह गिअर’ लागू असलेल्या पाण्यात आमिष तर नाहीच, कृत्रिम वासही चालत नाही. गळ एकाच टोकाचा, तोही टोकामागचा उलटा दात नसलेला. पाठीवरचा शेपटीजवळचा छोटा पर शाबूत असेल तर मासा जंगली समजा. तिथे जंगली स्टीलहेड फोटोसाठीसुद्धा पूर्ण पाण्याबाहेर काढता येत नाही. लोकर आणि मणी मात्र वास न लावता चालून जावेत, पण त्या नदीचं त्या वर्षीचं नियमपत्रक बघूनच निघा.