‘विश्वासाची जोखीम’ की ‘विश्वासाचे धाडस’?

प्रश्न : एका इंग्रजी प्रवचनाचे आमच्या ख्रिस्ती मंडळीसाठी मराठी करताना ‘विश्वासाने रिस्क घेणे’ या प्रयोगापाशी अडलो आहे. धोका, धाडस आणि जोखीम यांपैकी कोणता शब्द योग्य ठरेल? आमच्या पाळकसाहेबांना ‘धाडस’ आवडते. मला ते पोवाड्यातले वाटते.

उत्तर : ‘धोका’ प्रथम बाजूला ठेवावा. फिलिप्पैकरांस पत्रात (2:30) पौलाचा सहकारी एपफ्रदीत याने जीव धोक्यात घातला असे आपण वाचतो आणि तेथे तो शब्द चालतो, जरी मूळ ग्रीक क्रियापदातली छटा ‘पणाला लावणे’ याच्या अधिक जवळची आहे. पण ‘विश्वासाचा धोका’ म्हटले की आजच्या वाचकाला दगाफटकाच आठवेल. ‘साहस’ शब्दाचा इतिहास तर गमतीचा आहे, कारण स्मृतिग्रंथांत ते बळजबरीच्या गुन्ह्याचे नाव होते.

माझे मत ‘जोखीम’ला. ‘जोखणे’ म्हणजे वजन करणे, आणि ‘जोखमीचा ऐवज’ म्हणताना आपण संकटाइतकेच दुसऱ्याने आपल्या हवाली केलेल्या मोलाच्या वस्तूविषयी बोलत असतो. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील ‘ठेव’ (1:12–14) याच अर्थाच्या शेजारची आहे. मत्तयाच्या 25व्या अध्यायातला तिसरा चाकर भीतीपोटी धन्याचा पैसा जमिनीत पुरतो. त्या दाखल्यात हा पैसा ज्यात मोजला आहे तो ग्रीक ‘तालांत’ हेही मुळात वजनाचेच माप आहे, हा योगायोग मला फार आवडतो.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्या. 1896–97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली घेऊन आल्या, तेव्हा त्यांच्या कार्याला पैसा पुरवणाऱ्या अमेरिकेतील बोस्टनच्या मंडळाने दिलेली दहा वर्षांच्या मदतीची हमी संपत आली होती, पुण्यात प्लेगचे निर्बंध होते आणि केडगावच्या शेतावर पुरेसा निवाराही नव्हता. याला ‘धाडस’ म्हटले तर नजर रमाबाईंवर खिळते. ‘जोखीम’ म्हटले तर ती हवाली झालेल्या मुलींकडेही जाते.

प्रश्नकर्ता : मग सैतानाने येशूला सुचवलेली मंदिराच्या शिरोभागावरून उडी टाकणे हीसुद्धा विश्वासाची जोखीमच म्हणावी लागेल!

उत्तर : नाही. त्या उडीत कोणाची ठेव राखायची नव्हती आणि कोणी बोलावलेही नव्हते. येशूने तिला दिलेले नाव ‘परीक्षा पाहणे’ (मत्तय 4:7) हेच आहे, आणि प्रवचनात हा भेद आला नसेल तर भाषांतरात तळटीप देऊन तो आणावा.

क्रियापदाविषयीही एक सूचना. ‘जोखीम घेणे’ आता रूढ झाले आहे, तरी ‘पत्करणे’ अधिक नेमके, कारण त्यात परिणाम मान्य केल्याचा भाव आहे. शिवाय मराठीत आपण कोणावर विश्वास ‘ठेवतो’ तसा ‘टाकतो’ही; अंगावरचा भार टाकावा तसा. कित्येक वाक्यांत ‘देवावर विश्वास टाकून’ एवढे लिहिले तरी ‘रिस्क’चे निराळे भाषांतर करावे लागणार नाही.

पाळकसाहेबांचे ‘धाडस’ मात्र सरसकट खोडू नका. पेत्र येशूचा ‘ये’ हा शब्द ऐकून तारवातून पाण्यावर उतरतो (मत्तय 14:29), तेथे हवाली केलेला ऐवज काही नाही, फक्त त्याचे स्वतःचे पाय आहेत. त्या परिच्छेदात ‘धाडस’च शोभेल.