मदत हवी आहे: जुनं आरसी (रिमोटवर उडणारं) विमान घेऊ काय?

मंडळी, बेळगावात टिळकवाडीत एकजण जुनं आरसी ट्रेनर, म्हणजे शिकाऊंसाठीचं विमान विकतोय. फोमचं, रिमोटसकट साडेतीन हजार. बघून आलो. पंखाच्या मुळाशी डिंकाची पिवळी रेघ, म्हणजे एकदा आपटलंय. एक सर्व्हो (पंख-शेपटीच्या झडपा हलवणारी छोटी मोटर) करकरतो. ३ सेलची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी तर पुरीसारखी टम्म फुगलेली! मालक म्हणतो, "१२.६ व्होल्ट दाखवते की हो!" दाखवू दे पूर्ण चार्ज, फुगलेली लायपो मी घरात आणणार नाही. पंख्याची मोटर मात्र लोण्यासारखी फिरते.

सर्व्हो बदलून, पंखात कार्बनची काडी घालून हे उडेल काय? भाव किती पाडू? आणि शिकायला सांबरा विमानतळापासून लांब, खानापूर बाजूला मोकळं माळरान कुणाला ठाऊक आहे काय? येळ्ळूरच्या शेतात उडवायला भातकापणीपर्यंत थांबावं लागेल.