मदत हवी आहे: मेलबर्नहून एका दिवसात बर्फ, सोबत दोन लहान मुलं आणि सासूबाई

— यारातीर

नमस्कार मंडळी,

जुलैमध्ये शाळेच्या सुट्टीत मुलांना बर्फ दाखवून आणायचा बेत आहे. आम्ही पॉइंट कुकला राहतो. मुलगी साडेपाच वर्षांची, मुलगा अजून दोनचा व्हायचाय. सासूबाई सांगलीहून आल्या आहेत आणि ऑगस्टमध्ये परत जातील. त्यांनी बर्फ फक्त टीव्हीवर बघितलाय. एकदा हातात घेऊन बघायची त्यांची फार इच्छा आहे, म्हणून यंदा जायचंच असं ठरवलंय.

स्कीइंग कुणालाच करायचं नाही. मुलांनी थोडं घसरावं, स्नोमॅन करावा, सासूबाईंनी फोटो काढून गावाकडे पाठवावेत, एवढंच. मुक्काम नको, कारण धाकटा नव्या जागी झोपत नाही आणि मग कुणीच झोपत नाही.

अडचणी अशा. लेक माउंटन, माउंट बुलर, डोना बुआंग, बॉ बॉ इतकी नावं ऐकली की कुठलं आपल्यासाठी ते कळेना. गाडी सात सीटांची आहे, पण फ्रंट व्हील ड्राइव्ह, आणि आम्ही दोघांनीही बर्फात कधी गाडी चालवलेली नाही. धाकट्याला काय आणि किती कपडे घालायचे? तो हातमोजे दोन मिनिटं ठेवत नाही. सासूबाई कायम साडीत असतात, त्यांना बीपीची गोळी चालू आहे आणि उजवा गुडघा दुखतो. इतक्या थंडीत त्यांना नेणं बरोबर आहे ना, हीच मला सगळ्यात मोठी काळजी आहे.

ज्यांनी लहान मुलं आणि आजी-आजोबा सोबत नेले आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

— घाटवाट

लेक माउंटनला जा. डोना बुआंग जवळ पडतं आणि प्रवेश फुकट आहे, पण उंची जेमतेम १,२५० मीटर. तिथला बर्फ आज पडतो, उद्या वितळतो. दोन दिवस आधी जोरात पडला असेल तरच तिकडे वळा. बुलर सुंदर आहे, वर अख्खं गाव आहे, पण तुमच्याकडून जायलाच साडेतीन तास लागतील. शिवाय तिथलं बरंचसं स्कीवाल्यांसाठी आहे. बॉ बॉचा रस्ता फार वळणांचा, लहान मुलांसोबत मी सुचवणार नाही.

लेक माउंटन १,४३३ मीटर. वर हॉटेलं नाहीत, लोक येतात ते दिवसभरासाठीच, आणि निम्मी गर्दी तुमच्यासारख्या लहान मुलांवाल्यांची. टोबोगनसाठी, म्हणजे बसून बर्फावरून घसरायच्या छोट्या घसरगाडीसाठी, वेगळा उतार आहे. रस्ता हिल्सव्हिल, ब्लॅक स्पर, नार्बेथॉंग, मॅरिसव्हिल आणि मग वर. तुमच्याकडून अडीच तास म्हणतात, मुलांसकट साडेतीन धरा. शनिवार-रविवार टाळा. प्रवेशाचा पास आधी ऑनलाइन काढा आणि निघायच्या दिवशी सकाळी त्यांच्या साइटवरचा वेबकॅम बघा. अंदाज काहीही सांगो, कॅमेऱ्यात जमीन दिसत असेल तर त्या दिवशी जाऊ नका.

वर पांढरीफटक, वाळलेली झाडं उभी दिसतील, मुलं नक्की विचारतील. ७ फेब्रुवारी २००९ च्या वणव्यात तो डोंगर जळला आणि मॅरिसव्हिल गाव जवळजवळ सगळंच गेलं. आज ते गाव पुन्हा उभं आहे. जाता-येता तिथे थांबून चहा घ्या, त्यांच्या दुकानांना हातभार लागतो.

— घाटवाट

आता बर्फात चाकांना लावायच्या चेनबद्दल लिहितो. व्हिक्टोरियाच्या बर्फाच्या ठिकाणी जाहीर झालेल्या हंगामात, म्हणजे जूनच्या किंग्ज बर्थडेच्या सुट्टीपासून, टू व्हील ड्राइव्ह गाडीत चेन असल्याच पाहिजेत. रस्ता कोरडा दिसला तरीही. नसतील तर दंड. रोज लावाव्या लागतात असं नाही, फलक किंवा तिथली माणसं सांगतील तेव्हाच लावायच्या. हिल्सव्हिल किंवा मॅरिसव्हिलला भाड्याने मिळतात. टायरच्या बाजूला छापलेलं माप आदल्या दिवशी फोनमध्ये फोटो काढून ठेवा, कारण चेन त्या मापाच्याच लागतात.

दुकानात घाई करू नका. त्यांना एकदा लावून दाखवायला सांगा आणि तुमच्या मिस्टरांनी तिथेच स्वतः एकदा लावून बघावी. तुमची गाडी फ्रंट व्हील, म्हणजे चेन पुढच्या चाकांना. लावल्यावर थोडं अंतर जाऊन थांबायचं आणि पुन्हा ताणून घ्यायच्या, कारण पहिल्या काही फेऱ्यांत त्या सैल पडतात. चेन असताना ताशी ४० च्या वर नाही. गुडघे टेकायला जुनी चटई, रबरी हातमोजे आणि टॉर्च गाडीत असू द्या. गाडी भाड्याची असेल तर करारात बर्फात न्यायला परवानगी आहे का ते वाचा.

वर गाडी लावताना गिअरमध्ये, किंवा ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’वर ठेवा. हँडब्रेक लावून ठेवलात तर गोठू शकतो. वायपर उभे करून ठेवा. काचेवर बर्फ जमला तर गरम पाणी अजिबात ओतू नका, काच तडकते. आणि वर जाताना ब्रेकवर नाचायचं नाही. हळू, एका लयीत, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवून.

— सायसाखर

माझी मुलं याच वयाची असताना आम्ही जाऊ लागलो, म्हणून कपड्यांचं मी सांगते. लक्षात ठेवा, थंडीपेक्षा ओल वाईट. मूल कोरडं असेल तर शून्य डिग्रीतही तासभर मजेत खेळतं. एकदा मोजा ओला झाला की दहा मिनिटांत रडारड सुरू. म्हणून सुती काहीही नको: सुती बनियन नको, जीन्स तर नकोच. अंगाला चिकटून थर्मल किंवा लोकरीचं, त्यावर फ्लीस, त्यावर पाणी आत न जाणारं जॅकेट आणि पॅन्ट. कानटोपी कान पूर्ण झाकणारी. लांब मफलर देऊ नका, घसरताना कशाततरी अडकतो. गळ्यात बसणारा बंद पट्टा मिळतो तो घ्या. पायात लोकरीचा एकच जाड मोजा. दोन मोजे कोंबले की बूट घट्ट होतो, रक्त नीट फिरत नाही आणि पाय जास्तच गार पडतो.

बूट, जॅकेट भाड्याने मिळतात, पण दोन वर्षांच्या आतलं माप मिळेलच असं नाही. धाकट्याचं विकतच घ्या. आल्डीत दरवर्षी मे महिन्यात बर्फाचे कपडे येतात, ते आता संपले असतील. केमार्ट, डिकॅथलॉन बघा, किंवा ओळखीत मागा. मुलांचे हे कपडे एका हंगामात लहान होतात, त्यामुळे लोक आनंदाने देतात.

हातमोजे बोटांचे नकोत, पिशवीसारखे घ्या. चार बोटं एकत्र राहिली की एकमेकांना ऊब देतात. आधी हातमोजा, मग त्यावर जॅकेटची बाही ओढायची आणि मनगटाशी वेल्क्रो घट्ट करायचा. तरी काढलेच तर मोठ्या माणसाचा लोकरी पायमोजा कोपरापर्यंत चढवा, तो त्याला निघत नाही. जास्तीचे दोन जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळे ठेवा.

आता एक गोष्ट कृपया मनावर घ्या. कारसीटमध्ये जाड जॅकेट घालून बसवू नका. घरी करून बघा: जॅकेट घालून मुलाला बसवा, पट्टे ओढून घट्ट करा. मग पट्टे सैल न करता बकल सोडून त्याला बाहेर काढा, जॅकेट उतरवा आणि परत तसंच बसवून बकल लावा. खांदा आणि पट्टा यांच्यात केवढी जागा राहते ते दिसेल. धडक बसली तर जॅकेट तेवढंच दबतं आणि मूल पट्ट्यातून निसटू शकतं. गाडीत हीटर असतो. थर्मल आणि फ्लीसवर बसवा, पट्टे लावा, वरून दुपटं टाका. जॅकेट वर पोचल्यावर.

— ऑलिव्ह

धागा जपून ठेवतेय. आम्ही सिडनीला आहोत, इथून पेरिशर किंवा थ्रेडबो पाच-सहा तास, त्यामुळे एका दिवसाचा विचारच सोडलाय. आम्हाला हेवा वाटावा इतकं तुम्हाला जवळ आहे!

— यारातीर

सगळ्यांचे मनापासून आभार. सायसाखर, कारसीटचं आजच करून बघितलं. तीन बोटं सहज आत जात होती. नवऱ्याला बोलावून दाखवलं.

आता दोन गोष्टी राहिल्या. सासूबाईंचं कुणीतरी सांगा. आणि धाकटा बारा ते दोन झोपतो, जेवण साडेअकराला लागतं. वर मुलांना काय खायला द्यायचं?

— तुळसवृंदावन

मी मुलांच्या वॉर्डात नर्स आहे आणि माझ्या आईलाही बर्फात नेलंय. उंचीची भीती बाळगू नका. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर आहे आणि सांगलीकर तिथे नेहमी जातात. लेक माउंटन त्याहून थोडंसंच उंच. प्रश्न थंडीचा. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि बीपी वाढू शकतो. गोळी रोजच्या वेळेला न चुकता द्या, पोटात काहीतरी गरम असू द्या, आणि चढावर चालवू नका. छातीचा, दम्याचा काही त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मुलांपैकी कुणाला खोकला-ताप असेल तर दिवस बदला.

साडीबद्दल स्पष्ट सांगते, नको. साडीचा काठ बर्फात भिजतो, मग पाणी वर चढतं आणि गुडघ्यापर्यंत ओलं गार कापड पायाला चिकटून राहतं. पंजाबी ड्रेस, आत थर्मल, वरून भाड्याची वॉटरप्रूफ पॅन्ट. त्यांना अवघड वाटत असेल तर तुम्ही तसंच घाला आणि आदल्या दिवशी घरी दोघी मिळून घालून बघा. माझी आई आधी नाहीच म्हणत होती, मग आरशात बघून खुशीत फोटो काढायला लावले. बूट चांगल्या खाचा असलेले आणि हातात काठी. कार पार्कमध्येच सगळ्यात जास्त माणसं घसरतात, कारण तिथला बर्फ दबून काचेसारखा झालेला असतो. तिथे त्यांचा हात सोडू नका.

धाकट्याला अर्धा तास बर्फ, मग आत जाऊन ऊब, पुन्हा अर्धा तास. लहान अंगातली ऊब मोठ्यांपेक्षा लवकर निघून जाते आणि त्याला ते सांगता येत नाही. मानेच्या मागे, जॅकेटच्या आत हात घालून बघा. तिथे गार लागलं किंवा खेळणारं मूल एकदम गप्प, सुस्त झालं तर लगेच आत न्या, ओलं काढा, कोरडं घाला, छातीशी धरा. नाकाचा शेंडा किंवा बोटं पांढरी पडली तर चोळू नका, फक्त उबेत धरा. पाठुंगळीला किंवा बेबी कॅरिअरमध्ये असेल तर जास्तच लक्ष द्या, कारण तुम्हाला चालून घाम येतो आणि तो मात्र न हलता बसलेला असतो.

आणि सनस्क्रीन. ढग असले तरी लावा. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, म्हणजे खालूनही ऊन लागतं. हनुवटीखाली आणि नाकाच्या खालच्या बाजूलाही लावा. गॉगल सगळ्यांना, सासूबाईंनाही.

— सायसाखर

खाण्याचं: रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये मऊ मुगाची खिचडी. आधी थर्मासमध्ये उकळतं पाणी दहा मिनिटं भरून ठेवा, ते ओतून मग खिचडी भरा, दुपारपर्यंत वाफ येते. सोबत गुळाच्या दशम्या, तूप लावून. त्या गार झाल्या तरी मऊ राहतात आणि मोजे न काढता हातात धरता येतात. ब्लॅक स्परवर खूप वळणं आहेत, मुलीला गाडी लागत असेल तर हिल्सव्हिलच्या आधी दूध देऊ नका. आलेपाकाची वडी आणि पिशव्या हाताशी.

झोपेचं गणित सोपं आहे. सहाला निघा, दहाच्या आत वर पोचा, साडेअकराला जेवण, बाराला तो गाडीत झोपेल. एक जण त्याच्याजवळ थांबा, बाकीचे मोठीला घेऊन टोबोगनला. तिला हेल्मेट घाला, पाय पुढे करून बसवा, पालथं झोपून डोकं पुढे अजिबात नाही. घसरून खाली आली की लगेच बाजूला व्हायचं, हे तिला आधी शिकवा. मागून येणारा थांबू शकत नाही.

— यारातीर

ठरलं तर. सुट्टीतला बुधवार, लेक माउंटन. नवऱ्याने रजा टाकली. सासूबाईंना महाबळेश्वरची उंची सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, मग एवढं काय घाबरायचं. पॅन्टलाही तयार झाल्यात. वेबकॅममध्ये बर्फ नसेल तर डोंगर सोडून मॅरिसव्हिलचा स्टीव्हनसन धबधबा बघायचा, तिथे वाट सपाट आहे असं कळलं.

शेवटचा प्रश्न: चेन हिल्सव्हिलला परत करायच्या आहेत. वरून साडेतीनला निघालो तर चालेल का?

— घाटवाट

उशीर होईल. जुलैत सव्वापाचच्या आसपास सूर्य मावळतो आणि ब्लॅक स्परला उंच झाडांमुळे त्याआधीच अंधारतं. त्या वेळी वॉलबी, वॉम्बॅट असे प्राणी रस्त्यावर येतात. अडीचला निघा. चेन मॅरिसव्हिललाच घ्या, म्हणजे डोंगर उतरल्या उतरल्या परत देता येतील. वाटेत फोनला रेंज जाते, त्यामुळे दुकानाचा बंद व्हायचा वेळ आधीच विचारून ठेवा आणि नकाशा घरूनच डाउनलोड करा.