क्लार्क केंटचा चष्मा सोडा, त्याची हजेरी बघा

रात्रपाळी:
सुपरमॅन नुसता चष्मा लावून क्लार्क केंट नावाचा साधा बातमीदार होतो आणि कोणी ओळखत नाही, यावर हसून झालं असेल तर जरा पुढचं बोलू. १९३८ ला क्लार्क केंटला पेपरात नोकरीला चिकटवला तो डोकं लावून, बातमीदार दिवसभर बाहेरच असतो, कुठे होतास कोण विचारतंय, शिवाय कुठे काय पेटलंय ते आधी पेपरच्या ऑफिसातच कळणार. आज तोच माणूस गेटवर कार्ड पंच करतो, लॅपटॉप जरा वेळ हलला नाही की नावाशेजारचा हिरवा ठिपका पिवळा होतो. सहा महिन्यांच्या नोंदी काढल्या की एचआरची ट्रेनीसुद्धा सांगेल, सुपरमॅन उडाला की हा ऑफलाइन. चेहरा बघायचं कामच नाही. सिक्रेट आयडेंटिटी संपली, माझ्या मते तरी.

खवचट:
काहीही! वर्क फ्रॉम होममध्ये तर मजाच आहे की, कॅमेरा बंद, म्यूटवर, कोणी हाक मारली तर "सॉरी नेट गेलं होतं". आणि २०१२ च्या कॉमिकमध्ये क्लार्कने डेली प्लॅनेट या पेपरची नोकरी सोडलीच होती, कसली हजेरी? फोन घरी ठेवायचा आणि उडायचं.

रात्रपाळी:
फोन घरी, हातातल्या घड्याळाचं काय? २०१८ मध्ये स्ट्राव्हा या व्यायाम नोंदवणाऱ्या अॅपचा बोभाटा झाला तो आठवा, सैनिकांच्या जॉगिंगच्या रेघांवरून लष्करी तळ नकाशावर उमटले होते. आणि दर संकटाला फोन नेमका घरी पडून राहतो ही पण नोंदच झाली ना.

मनीमाऊ:
तुम्ही दोघं पगारदारांचंच बोलताय. पीटर पार्कर, म्हणजे स्पायडरमॅन, फ्रीलान्सर, त्याला कसलं कार्ड. पण त्याची खरी पंचाईत वेगळीच आहे, स्पायडरमॅनच्या वेशातले स्वतःचेच फोटो काढून डेली ब्यूगल पेपरला विकायचे हा त्याचा धंदा, आता रस्त्यावरचा जो तो फुकटात व्हिडिओ टाकतोय तर तिथला संपादक जेमसन पैसे कशाला देईल? ओळख लपेल हो, भाडं कुठून भरणार? टोनी स्टार्कने २००८ च्या सिनेमात पत्रकारांसमोर सांगून टाकलं की मीच आयर्न मॅन, त्याला परवडतं. पीटरच्या घरी मे काकू आहे.

खवचट:
+१, पण मुद्दा तोच राहतो. समजा व्हिडिओ लीक झाला, लोक म्हणणार एआयने बनवलाय, विषय संपला.

रात्रपाळी:
लोक म्हणतील. सुपरमॅनचा हाडवैरी लेक्स लूथर, त्याला कुठे कोर्टात पुरावा द्यायचाय, त्याला घरचा पत्ता पुरे.

खवचट:
अहो लूथरचंच घ्या! १९८७ च्या कॉमिकमध्ये त्याच्या कम्प्युटरने सगळी माहिती जुळवून सरळ सांगितलं होतं की क्लार्क केंट म्हणजेच सुपरमॅन. साहेबांनी ते उडवून लावलं, म्हणे एवढी ताकद असलेला माणूस साधा नोकरदार होऊन कशाला राहील. डेटा कितीही असू दे, बघणाऱ्याचा अहंकार मोठा असतो.

रात्रपाळी:
तो १९८७ चा लूथर, कम्प्युटरला चूक ठरवणारा. आजचा कोणता मॅनेजर डॅशबोर्डला चूक ठरवतो ते सांगा, त्याच्याकडे लगेच सीव्ही पाठवतो.