समुद्राजवळ की पठारावर? मुलीचा दमा, डास, वाळवी आणि घराची निवड

केतकी:
आम्हा दोघांचंही काम आता घरूनच चालतं, त्यामुळे कुठे राहायचं हे पहिल्यांदाच आपलं आपण ठरवता येणार आहे. मुलगी 8 वर्षांची. तिला दमा आहे आणि चाचणीत धुळीतल्या माइट्सची, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक जीवांची ॲलर्जी निघाली. सध्याचं घर कमालीचं दमट. पावसाळ्यात पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर पांढरी बुरशी धरते. गेल्या वर्षी दिवाणाची फळी उचलली तर खालून मातीच्या नळ्या वर चढलेल्या, आणि फळी अंगठ्याने दाबली की आत जात होती.

दोन जागा पाहिल्यात. एक समुद्रापासून 2 किलोमीटरवर, थंडी जवळजवळ नाहीच. दुसरी आत, 900 मीटर उंचीच्या पठारावर, कोरडी, हिवाळा कडक. नवऱ्याचा जीव समुद्रात अडकलाय. मला पठार बरं वाटतं, पण तिथे साप-विंचू फार असं जो तो सांगतो. जिथे असला काही त्रासच नाही असं ठिकाण असतं का? कोणी निव्वळ हवा आणि किडे बघून घर घेतलंय का?

वाराभर:
समुद्राला एकदम फुली मारू नका. डास अशक्त उडतो, सतत वारा असेल तर त्याला अंगावर टेकताच येत नाही. आम्ही किनाऱ्यालगत वरच्या मजल्यावर राहतो, संध्याकाळी खिडक्या उघड्या असतात. पण लोखंडी बिजागऱ्या गंजतात आणि कपडे कधी पूर्ण वाळलेत असं वाटत नाही, हेही खरं.

जुना भाडेकरू:
केतकीताई, 12 वर्षांत 4 घरं बदलली, त्यातली 2 याच कारणाने. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

किड्यांशिवायची जागा शोधू नका. आइसलँडमध्ये डास नाहीत असं वर्षानुवर्षं सांगितलं जायचं, तिथेही 2025 च्या ऑक्टोबरमध्ये 3 डास सापडले. आणि थंडी म्हणजे सुटका असंही नाही. अलास्कात उन्हाळ्यात डासांचे अक्षरशः ढग उठतात, कारण खालची जमीन गोठलेली असते आणि वितळलेलं पाणी मुरायला वाट नसते. तेव्हा प्रश्न असा विचारा, की माझ्या घरातल्या माणसाला नेमका कशाचा त्रास होतो?

तुमच्याकडे उत्तर स्पष्ट आहे: माइट्स. हा जीव पाणी पीत नाही, हवेतला ओलावा अंगात ओढून घेतो. खायला आपल्या त्वचेचा कोंडा, तो काय प्रत्येक घरात असतोच. म्हणजे आपल्या हातात उरतो तो ओलावा. हवेतली सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ 50 टक्क्यांच्या खाली राहिली की ते सुकून कमी होतात. 70-80 टक्क्यांत त्यांची चंगळ. या एका मुद्द्यावर माझं मत पठाराला. फक्त थंड कोरड्या हवेनेही काही मुलांना धाप लागते, तेवढं डॉक्टरांना आधी विचारा.

पण गावाची हवा वेगळी आणि घराची वेगळी, हे मी फार उशिरा शिकलो. तिसरं घर कोरड्या गावात होतं. हिवाळ्यात दारं-खिडक्या बंद, स्वयंपाकाची वाफ आत, कपडे आतच वाळत घातलेले. मुलगा रात्री खोकायचा. शेवटी एक साधा आर्द्रतामापक आणला. खोलीच्या मध्यावर 58. तोच बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटामागे सरकवला, अर्ध्या तासाने बघतो तर 76. भिंतीला हात लावला तर गार आणि ओलसर. कपाट चार बोटं पुढे ओढलं, कपडे गच्चीवर नेले, आठवड्यात तिथला आकडा 63 वर आला. खोकला लगेच गेला नाही, पण रात्री उठून बसणं थांबलं. तो आकडा मला अजून पाठ आहे.

डासांचं गणितही घराभोवतीचंच. डेंगी पसरवणारा एडीस सहसा काही शे मीटरपलीकडे जात नाही. म्हणजे तुम्हाला चावला तो बहुतेक तुमच्याच आवारात किंवा शेजारी जन्मलेला. आमच्या दुसऱ्या घराशेजारी बांधकाम निघालं, पाण्याची टाकी महिनोन्‌महिने उघडी, आणि आम्ही दोघंही डेंगीने पडलो. टाकी रिकामी करून भागत नाही, आतून घासावी लागते. कडेला चिकटलेली अंडी कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात. त्यामुळे घर बघायला जाल तेव्हा आसपासचे 200 मीटर पायी फिरा. उघड्या टाक्या, टायर, तुंबलेले पन्हाळे, सगळं बघा.

वाळवीसाठी दाराची चौकट खालून वर बोटाच्या पेराने ठोकत जा, पोकळ आवाज लगेच कळतो. पहिल्या पावसानंतर खिडकीशी पंखांचा खच पडतो का, हे आधीच्या भाडेकरूला विचारा. मालक सांगणार नाही.

माळावरची:
साप-विंचवांचं मी सांगते, 9 वर्षं उघड्या माळावर राहतेय. साप घरात आपल्यासाठी येत नाही, उंदराच्या मागे येतो. धान्य झाकलं, सांडलेलं झाडलं, भिंतीलगतचा दगडांचा आणि सरपणाचा ढीग हलवला की निम्मं काम झालं. दाराखालच्या फटीला रबराची पट्टी लावा. विंचवासाठी अतिनील टॉर्च घ्या, त्या उजेडात विंचू हिरवट चमकतो. मी रोज रात्री मुलाच्या खोलीत कोपऱ्यांतून एक फेरी मारते आणि सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालू देत नाही. जवळच्या दवाखान्यात सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन मिळतं का, तिथे पोचायला किती वेळ लागतो, हे मात्र घर ठरवण्याआधीच विचारून घ्या. मी ते राहायला गेल्यावर विचारलं, आधी विचारायला हवं होतं.

केतकी:
सगळ्यांचे मनापासून आभार. आर्द्रतामापक आणला. आत्ता इथे मुलीच्या गादीखाली 81 दाखवतोय. आकडा बघून पोटात गोळा आला, गादी लगेच उन्हात टाकली. नवऱ्याने स्वतःच दोनदा वाचून बघितला आणि म्हणाला, पठारावर आधी जाऊन येऊ. त्या घरमालकांना 15 दिवस भाड्याने विचारलंय, ते हिवाळ्यात या म्हणतात.

जुना भाडेकरू:
हिवाळ्यात नको. भर पावसात जा, सलग चार-पाच दिवस झड लागलेली असताना. मापक बरोबर न्या, आणि पोचल्या पोचल्या बंद कपाट उघडून आतला वास घ्या.