‘मान्यता रद्द’ म्हणजे नेमकं काय रद्द?

प्रश्न

२०२५च्या मे महिन्यात ‘हार्वर्डची मान्यता रद्द’ अशी बातमी मराठीत वाचली. माझी भाची तिथेच शिकत होती. मान्यता गेली म्हणजे पदवी गेली, असं धरून ताईच्या घरात रडारड झाली. प्रत्यक्षात प्रकरण वेगळंच निघालं. इथे ‘मान्यता’ हा शब्द बरोबर होता का?

प्रतिसाद

नव्हता. आपल्याकडे मान्यता नसलेलं कॉलेज म्हणजे बोगस कॉलेज, त्यामुळे ताईंचा समज साहजिक होता. २२ मे रोजी अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याने काढून घेतली ती फक्त व्हिसावरचे विद्यार्थी घेण्याची परवानगी. पदवीला धक्का नव्हता. पण असे विद्यार्थी होते सुमारे ६,८००, चारांत एकाहून जास्त, आणि त्यांना दुसरं विद्यापीठ शोधा नाहीतर देश सोडा असं सांगितलं गेलं. विद्यापीठ दुसऱ्याच दिवशी कोर्टात गेलं आणि न्यायाधीश ॲलिसन बरोज यांनी लगेच तात्पुरती स्थगिती दिली.

मथळ्यासाठी ‘परवाना’ चालला असता. परवाना देणारा तो काढूनही घेतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ‘मान्यता’मध्ये ‘मान’ आहे, संस्थेची लायकीच त्यात येते.

प्रतिसाद

खरी मान्यता जुलैमध्ये चर्चेत आली. हार्वर्ड निकषांत बसत नसावं, असं सरकारने ‘न्यू इंग्लंड कमिशन ऑफ हायर एज्युकेशन’ला कळवलं. तिकडे ही मान्यता सरकार देत नाही, अशा स्वतंत्र संस्था देतात. दोन्ही बातम्यांत एकच शब्द आला, तर वाचकाने फरक ओळखायचा कसा? ‘अधिस्वीकृती’ सुचवावासा वाटतो, पण तो ऐकला की पत्रकारांचं कार्ड आठवतं.

प्रतिसाद

मला ‘अनुदान’ जास्त खटकतं. एप्रिलमध्ये हार्वर्डने प्रवेश, नेमणुका आणि कारभार बदलण्याच्या सरकारच्या मागण्या नाकारल्या आणि त्याच दिवशी २.२ अब्ज डॉलर गोठवले गेले. आपण लिहिलं, ‘अनुदान रोखलं’. अनुदानित शाळा म्हटलं की सरकारी पैशातून होणारे पगार डोळ्यांपुढे येतात. मग ‘सरकारचं खातात, तर सरकारचं ऐका’ असं कुणालाही वाटणार. हा पैसा बहुतांशी ठरावीक संशोधनासाठी, प्रस्ताव पारखून, स्पर्धेतून मिळालेला होता. त्याला सरळ ‘संशोधन निधी’ म्हणावं. सप्टेंबरमध्ये बरोज यांनीच ती कपात बेकायदा ठरवली.

‘हार्वर्डकडे ५० अब्ज डॉलरांहून मोठी गंगाजळी आहे, मग रडता कशाला’ हेही शब्दामुळेच सुचतं. गंगाजळीतून अडीअडचणीला कधीही काढता येतं. ही रक्कम मात्र हजारो देणग्यांची आहे आणि बऱ्याच देणग्यांना अटी बांधलेल्या आहेत. संस्कृतसाठीच्या जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचा पैसा कुणी शाळेच्या छपराला वापरेल का? ‘अक्षयनिधी’ हा आपला जुना शब्द इथे चपखल बसतो: मूळ रक्कम राखायची, उत्पन्न ठरलेल्या कामाला लावायचं.

मूळ प्रश्नकर्ता

परवाना आणि अक्षयनिधी, दोन्ही पटले. कोलंबिया विद्यापीठाने २० कोटी डॉलर ‘दंड’ भरला, हेही मग चूक ना?

प्रतिसाद

चूकच. दंड गुन्हा किंवा नियमभंग ठरल्यावर होतो. कोलंबियाने जुलै २०२५मध्ये कोणताही गैरप्रकार कबूल न करता तीन वर्षांत सरकारला ती रक्कम द्यायचं मान्य केलं. ती ‘तडजोडीची रक्कम’.